जर्सी पुरे, ब्रेक पॅडचं बघा

महोदय,

हिमाचलातल्या माउंटन बाइक शर्यतीला निघालेल्या आपल्या भागातल्या मुलांना झेंडा दाखवतानाचा फोटो आपण छापलात, बरं वाटलं. त्यांच्या सायकली माझ्या दुकानात तयार होतात, म्हणून थोडं लिहितो.

देणगीदार येतात ते विचारतात, ‘जर्सीवर आमचं नाव कुठे येणार?’ ब्रेक पॅड किती लागतील, हे अजून कुणी विचारलेलं नाही. अनेक दिवसांची शर्यत, त्यात पाऊस लागला तर चिखलातल्या लांबलचक उतारावर रेझिनचे पॅड बघता बघता झिजतात. धातूचे टिकतात, पण महाग पडतात. दुसरी वस्तू हँगर. मागचा गिअर फ्रेमला जोडणारा हा अ‍ॅल्युमिनियमचा लहानसा तुकडा. सायकल आडवी झाली की फ्रेम वाचावी म्हणून आधी हाच वाकतो किंवा तुटतो. तो तसाच बनवलेला असतो. मॉडेलगणिक वेगळा, एकाचा दुसऱ्याला बसेलच असं नाही. म्हणून मी पोरांना सांगतो, जमलं तर सगळे एकाच मॉडेलची सायकल घ्या. डोंगरातल्या गावात तो मिळायचा नाही, आणि तो नसला की लाखाची सायकल ढकलत न्यायची.

पाय तयार करायला आपले घाट पुष्कळ आहेत. पोलादपूरहून आंबेनळी चढून महाबळेश्वर गाठणाऱ्याला चढणीचं भय राहत नाही. अडचण उंचीची आहे. महाराष्ट्राचं सर्वोच्च टोक कळसूबाई, १६४६ मीटर. हिमाचलातली जलोरी खिंडच ३१०० मीटरच्या वर. त्या विरळ हवेची सवय व्हायला शर्यतीआधी काही दिवस वर जाऊन राहायला हवं. तो मुक्कामाचा खर्च कुठल्याच प्रायोजकाच्या यादीत बसत नाही. मग पोरं आदल्या रात्री बसमधून उतरतात आणि सकाळी डोकं धरून बसतात.

खाण्याचाही सराव लागतो. तासाला साठ ग्रॅम कर्बोदकं म्हणजे दोन-अडीच केळी, तीही तासन् तास. पोटाला सवय नसेल तर मळमळायला लागतं. रविवारच्या सरावात राजगिऱ्याचे लाडू आणि मीठ-साखर-लिंबाचं पाणी चालत्या सायकलवरच घ्यायचं, असा आमचा दंडक आहे. फुकट मिळालेली एनर्जी जेलची (ताकदीसाठी चोखायच्या गोड, घट्ट पाकाची) पाकिटं शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा फोडायची नाहीत.

आणि निवड. दक्षिण आफ्रिकेत २००४ पासून केप एपिक ही जोडीची शर्यत होते. तिथे दोन जोडीदारांत दोन मिनिटांहून जास्त अंतर पडलं तर दंड बसतो. म्हणजे जोडीचा वेग मागे राहणाऱ्याचा! आपल्याकडे जोडी निवडतानाही एकेकट्याची वेळ लावून पहिले दोन उचलतात. त्यापेक्षा दोघांना घाटात एकत्र सोडावं आणि एकाची साखळी तुटली की दुसरा सायकल धरतो का मोबाइल काढतो, ते बघावं.

पुढच्या वर्षी निरोप समारंभ जरूर करा. पण चार जोड्या पॅड, दोन हँगर आणि मुक्कामाचे पैसे आधी द्या. शाल द्यायचीच असेल तर लोकरीची द्या, रात्री पांघरतील तरी.

— एक सायकल मेकॅनिक, वाई (जि. सातारा)