परांचीवरच्या लेकीस

मिरकरवाडा, रत्नागिरी
होळीच्या आधीचा आठवडा

चि. बायस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मी आवाज चढवला आणि तू फोन ठेवलास. चूक माझी होती. केवढ्या हौसेनं तू दिल्लीत रंगवत असलेल्या भिंतीचा फोटो पाठवलास, आणि मी भिंत सोडून तुझ्या कमरेकडे बघत बसलो. दोर नाही, पट्टा नाही, पायाखाली परांचीच्या दोन फळ्या. मला तेवढंच दिसलं. रात्री आईनं मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, आता भिंत बघा. तेव्हा बघितली. पानांच्या कडा तू मारल्यास म्हणालीस ना? डाव्या बाजूच्या कडा एका दमात ओढलेल्या आहेत, हात कुठे थांबलेला नाही. उजवीकडे दोन ठिकाणी ब्रश कोरडा पडलाय. कुणाला कळणार नाही, मला कळलं.

मोबाइलवर माझी बोटं चुकतात, म्हणून हातानं लिहितोय. दोराचा विषय पुन्हा काढायचा नाही असं ठरवून बसलोय.

तू मंगला एक्स्प्रेसनं गेलीस त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. दिल्लीला निजामुद्दीन स्टेशनात उतरल्यावर छापखाना ते खोली, खोली ते छापखाना, असे चार महिने काढलेस आणि आम्हाला सांगत राहिलीस, सगळं छान आहे. आई म्हणायची, हिचा आवाज छान नाही. मग त्या रविवारी रस्ता चुकून लोधी कॉलनीत शिरलीस, आणि रात्री फोनवर अर्धा तास बोललीस. १९४० च्या सुमारास सरकारी नोकरांसाठी बांधलेली घरं, मधे कमानी, आणि कमानींच्या दोन्ही अंगांना रस्त्यापर्यंत पोचलेल्या कोऱ्या भिंती. अशा पन्नासहून जास्त भिंती रंगवल्यात म्हणालीस. तिकीट नाही, दार नाही. भाजीची पिशवी घेतलेला माणूसही थांबून बघतो. तू एका भिंतीसमोर फुटपाथवर बसून रडलीस आणि मग चहा प्यायलीस. हे ऐकून मला बरं वाटलं की वाईट, अजून कळलेलं नाही. पण त्या रात्री आई नीट झोपली.

हनीफ कुरेशींचं नाव तू घेतलंस. शेजारच्या पोरानं मला त्यांच्याविषयी मोबाइलवर काढून दाखवलं. आमच्यासारख्या पाट्या रंगवणाऱ्यांची अक्षरं गावोगाव गोळा करून त्यांनी त्यांचे कॉम्प्युटरवरचे फॉन्ट केले, आणि फॉन्टला त्या त्या पेंटरचं नाव दिलं. २०१४ मध्ये सोबत्यांबरोबर स्टार्ट इंडिया ही संस्था काढली, आणि तुझ्या त्या भिंती त्या संस्थेनंच रंगवून घेतल्या. माणूस २०२४ मध्ये गेला, तरुण वयात. मी दिवसभर गप्प होतो. माझं अक्षर ऊन खाईल, पावसात उतरेल, पुढच्या वर्षी त्यावर दुसरं अक्षर चढेल, असंच मी धरून चाललो होतो. कुणी ते जपून ठेवावं, हे कधी डोक्यातही आलं नव्हतं.

त्यावरून आठवलं. २०१८ मध्ये तू चिपळूणला फ्लेक्सचं मशीन घेतलंस तेव्हा मी जेवणाच्या ताटावर बोललो होतो, की माझं काम बंद पाडायला माझीच पोरगी निघाली. ते बोलायला नको होतं. काम तुझ्या आधीच बंद पडत आलं होतं. मीच तुझ्या दुकानाची पाटी ऑइलपेंटनं रंगवून दिली, आणि त्याचा राग धरून बसलो. मग २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर. तिसऱ्या दिवशी आपण दोघं पोचलो तेव्हा चिखलाचा थर गुडघ्याएवढा, मशीन आडवं, फ्लेक्सचे रोल एकमेकांना चिकटलेले. तू रडली नाहीस. तू पाटी काढून धुतलीस, एकेक अक्षर पदरानं पुसावं तशी. ती पाटी माळ्यावर आहे. रंग अजून उडालेला नाही. कर्जाचा हप्ता या महिन्याचा गेला, त्याची काळजी करू नकोस.

तू नवीन सुरुवात म्हणतेस. मला वाटतं तू सुरुवात आधीच केली होतीस, वयाच्या सातव्या वर्षी, जूनमध्ये वर ओढलेल्या होड्यांच्या पोटाखाली. मासेमारी बंद, पाऊस उघडला की दोन तास मिळायचे, मी नाव लिहायचो आणि तू डबा धरायचीस. शिरोरेषा आधी, अक्षर मागून, हे तुला तेव्हाच पाठ होतं. होडीच्या पोटाला गोलाई असते, तिथं सरळ रेष सरळ दिसत नाही, ती जरा वाकवावी लागते. हे तुला कुणी शिकवलं नाही. तू नुसतं बघितलंस. शिडीवर मात्र मी तुला कधी चढू दिलं नाही. आता तू थेट परांचीवर.

भाऊकाकांचं तुला माहीत आहे. तेव्हा तू झाली नव्हतीस. पाण्याच्या टाकीवर सिमेंटची जाहिरात होती. मी खाली चौकटी मोजून सांगत होतो, तो वर. दोर आणला होता. शिडीला गुंडाळून ठेवला होता, कारण दोन अक्षरंच राहिली होती आणि ऊन कलत होतं. ती दोन अक्षरं नंतर मीच पुरी केली. आजीनं आयुष्यभर त्या रस्त्यानं जाणं टाळलं. म्हणून फोटोत मला भिंत दिसत नाही गं.

तू आयटीओजवळच्या जुन्या पोलीस मुख्यालयावरच्या गांधीजींच्या चित्राचा फोटो पाठवलास. चित्र २०१४ चं, सुमारे १५० फुटी. एक जर्मन चित्रकार आणि आपली अनपू वर्की, दोघांनी काढलेलं. बाई एवढ्या उंचीवर काम करते हे वाचून ऊर भरून आला, आणि लगेच पोटात गोळा आला. त्यांना दोर असणारच. तुझ्या कंत्राटदाराला विचार, आमच्यासाठी का नाही. बिचकू नकोस. तू नवी आहेस, परप्रांतातली आहेस, हे सगळं खरं, पण पडणाऱ्याला कुणी गाव विचारत नाही.

बघ, आलोच मी पुन्हा तिथे. माफ कर.

कामाचं सांगतो. नव्या गिलाव्यावर घाई करू नका, चुना-सिमेंट पुरतं वाळू द्या, नाहीतर रंग पापुद्र्यांनी सुटतो. इकडे मोसमात चार महिने भिंत भिजते, काळं शेवाळ धरते, खाऱ्या वाऱ्यानं रंग फुगतो. तिकडे ऊन रंग खाईल. लाल आणि पिवळा आधी फिके पडतात, ते सावलीच्या अंगाला ठेवा. लांबून बघायला दर तासाला खाली उतर. आणि खाली उतरताना शिडीकडे तोंड करून.

उक्षीचा हत्ती आठवतो? सड्यावर नुसत्या जांभ्यात कोरलेला. तू त्याच्याभोवती दोन वेळा फिरलीस आणि विचारलंस, हे कुणाला दाखवायला काढलं असेल? मला उत्तर आलं नाही. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली तेव्हा तू मला रात्री अकराला फोन केलास. कोरणाऱ्याचं नाव मात्र कुणाला ठाऊक नाही. तू तुझ्या भिंतीच्या कोपऱ्यात नाव घालतेस का? घाल. छोटं घाल, पण घाल. मी प्रत्येक पाटीवर घालायचो.

मुंबईत ससून डॉकला २०१७ मध्ये अशी चित्रं झाली, तिथल्या मासळीवाल्या लोकांचे चेहरे भिंतींवर लागले होते. आपल्या बंदरात बर्फाच्या कारखान्याची मोठी भिंत कोरी पडलीय. मालकाशी मी सहज बोललो. तो नाही म्हणाला नाही. एवढंच कळवतो, ये म्हणत नाही. शिमग्याला येणार नाहीस हे आईला मी सांगितलंय. पालखी अंगणात येईल तेव्हा नारळ तुझ्या नावानं ठेवू.

तुझा,
बाबा

ता. क. आईनं कुळथाचं पीठ आणि आंबोशी दिलीय, शेजारच्यांचा पोरगा घेऊन येतोय. तुझ्या खात्यात चार हजार टाकलेत. ते खोलीभाड्याचे नाहीत. अंगभर पट्टे असतात तसला चांगला हार्नेस घे आणि तो घालून वर चढलेला फोटो पाठव. चित्र मागे पूर्ण दिसेल असा.