मंद्या, तुझा सीआरपी आणि आईची बोटं

प्रिय मंद्या,

तुझा रात्री साडेअकराचा मेसेज आत्ता बघितला. रक्ताच्या रिपोर्टचा फोटो, सीआरपी (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, अंगात सूज असली की रक्तात वाढतं ते) 11, पुढे लाल बाण, आणि खाली तुझं "मला अटॅक येणार का रे?" फोनवर तू मला बोलूच देत नाहीस म्हणून सरळ लिहितोय, चहा घेऊन बस आणि सावकाश वाच.

पहिली गोष्ट, रक्त द्यायच्या तीन दिवस आधी तूच ग्रुपवर गाल सुजलेला फोटो टाकला होतास, अक्कलदाढ ठणकतेय म्हणून. विसरलास ना? आणि तपासणीचं पॅकेज स्वस्तात मिळतंय म्हणून तसाच गेलास. अरे शरीरात कुठे सूज आली, जंतू शिरले, की तिथल्या पेशी निरोप धाडतात, त्यातला मुख्य निरोप्या म्हणजे इंटरल्युकिन-6, आणि तो लिव्हरला पोचला की लिव्हर सीआरपी बनवायला घेतं. पाच-सहा तासांत आकडा चढायला लागतो, दोन दिवसांत टोकाला जातो, आणि कारण मिटलं की साधारण 19 तासांत निम्म्यावर येतो. एवढा भराभर चढतो-उतरतो. सुजल्या गालाने रक्त दिल्यावर 11 नसता आला तरच मला नवल वाटलं असतं.

आणि तो 'सी' कॅन्सरचा पण नाही आणि कार्डियाकचा पण नाही, हे आधीच सांगतो कारण तू गूगल केलं असणारच. 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना न्युमोनियाच्या पेशंटच्या रक्तात हे प्रोटीन सापडलं, न्युमोकोकस जंतूच्या 'सी' नावाच्या पदार्थाला ते चिकटायचं म्हणून हे नाव. बास. दारातलं कुत्रं भुंकतंय म्हणजे कोणीतरी आलंय एवढं नक्की, पण चोर आलाय की पोस्टमन ते नुसत्या भुंकण्यावरून कळत नाही ना, तसंच आहे हे. कोविडात नाही का, पारावर बसून माणसं डी-डायमर, फेरिटिन, सीआरपी असं बोलायची जसं काही कांद्याचा भाव.

मला हे एवढं कसं माहीत ते तुला ठाऊक आहे. आईमुळे. 2018 च्या थंडीत तिची बोटं सकाळी वळेनात. कणीक मळता येईना, कुकरचं झाकण मी लावायचो, आणि दहा वाजले की बोटं मोकळी, मग दिवसभर बाई ठणठणीत. आम्ही सगळे वय झालं, थंडी आहे, मेथीचे लाडू खा, असंच करत बसलो. मग रक्त तपासलं तर ईएसआर 78. ही टेस्ट म्हणजे गंमत आहे बघ, उभ्या बारीक नळीत रक्त तासभर तसंच ठेवायचं आणि लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजायचं. सूज असली की रक्तात फायब्रिनोजेन वाढतं, त्याने पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि जड होऊन पटापट तळाला जातात. शंभर वर्षं जुनी पद्धत आणि अजून चालू. पण ईएसआर ॲनिमियाने पण वाढतो, वयाने वाढतो, गरोदरपणात वाढतो, आणि उतरायला आठवडे घेतो. आईचं हिमोग्लोबिन कमी होतंच, त्यामुळे पहिल्या डॉक्टरांनी सगळं ॲनिमियावर ढकललं. गंमत म्हणजे फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा, नॉर्मल आलेलं, आम्ही खूश, लोह भरपूर आहे म्हणून. नंतर कळलं की फेरिटिन पण सुजेबरोबर वर जातं, कोठार भरल्यासारखं दिसतं आणि आत खडखडाट असू शकतो.

शेवटी सांधेवाताच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि विचारलं, "आजी, सकाळी बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो?" आई म्हणाली दोन तास. त्यांनी बोटांची पेरं एकेक करून दाबली, मग अँटी-सीसीपी म्हणून सांधेवाताची रक्ताची टेस्ट करायला सांगितली. ती पॉझिटिव्ह, म्हणजे सांधेवातच. तेव्हापासून गुरुवारची गोळी चालू आहे, मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच, रोज घेतली तर जिवावर बेतते म्हणून मी कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवतो.

एकदा काय झालं, औषध चालू असताना एका लॅबमध्ये आईचा सीआरपी 2.4 आला, दोन महिन्यांनी दुसरीकडे केला तर 21. माझ्या पोटात गोळा. रात्रभर झोप नाही. सकाळी नीट बघतो तर पहिला मिलिग्रॅम पर डेसिलिटर आणि दुसरा पर लिटर, म्हणजे 24 चा 21 झालेला, कमीच की रे! दोन्हीकडे कोणी एका शब्दाने सांगितलं नाही.

आता तुझा हार्टचा प्रश्न. त्याला एचएस-सीआरपी म्हणून बारीक मोजणारी टेस्ट असते, मिलिग्रॅम पर लिटरमध्ये 1 च्या खाली असेल तर धोका कमी, 1 ते 3 मध्यम, 3 च्या वर जास्त, आणि 10 च्या वर आला तर तो हार्टसाठी धरायचाच नाही, दुसरं काहीतरी चालू आहे समजायचं आणि काही आठवड्यांनी परत करायची. रक्तवाहिनीतल्या चरबीत सूज असते हे मात्र खरं. 2017 मध्ये कॅनटॉस नावाचा मोठा ट्रायल आला, अटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांवर लोकांवर, कोलेस्टेरॉलला हात न लावता नुसती सूज कमी करणारं इंजेक्शन दिलं तर पुढचे अटॅक कमी झाले. पण जीवघेणे इन्फेक्शन वाढले, कारण ती सूजच तर जंतूंशी लढत असते. आणि ज्यांचा सीआरपी जन्मतःच जरा जास्त त्यांना हार्टचा त्रास जास्त होत नाही असं जीन्सच्या अभ्यासात दिसलंय, म्हणजे आकड्याला खाली आणून उपयोग नाही, तो कशाने वर गेला ते बघायचं. ते हळदीच्या महागड्या कॅप्सूलवाले तुला हे सांगणार नाहीत.

तर दाढ दाखव आधी. पुढच्या महिन्यात, सर्दी-ताप काही नसताना, परत टेस्ट कर, त्याच लॅबमध्ये. तेव्हाही 3 च्या वर राहिला तर मग तुझी सिगरेट आणि ते पोट, यावर बसून बोलू, पोटाची चरबी गप्प बसत नाही, ती पण इंटरल्युकिन सोडत असते. डॉक्टरांना मात्र दाखवच, मी काय, आईचा कंपाउंडर.

आईने डिंकाचे लाडू केलेत, यंदा सगळे स्वतः वळले. दहा तुझ्यासाठी डब्यात बाजूला आहेत, रविवारी ये.

तुझा,
बाळ्या

ता. क. परत फोटो पाठवशील तेव्हा उजवीकडचा युनिटचा कॉलम कापू नकोस, या वेळी कापलायस.