मागच्या अंगणातला धबधबा : अध्यक्षांना पत्र

दि. २० मे

प्रति,
मा. अध्यक्ष,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था,
कोथरूड, पुणे

विषय : बी विंगच्या मागच्या कोपऱ्यातील पावसाच्या पाइपाचे पाणी वळवणे व तेथे लहान धबधबा करणे यांस परवानगी मिळण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी कोणाला न विचारता मी मागे धबधब्यासाठी हौद खणला. एका सकाळी उठून पाहतो तर हौद कोरडा, पंप जळालेला आणि आपल्या गाडीखाली तळं! आपण तेव्हा चार शब्द सुनावलेत, ते मला लागू होते. म्हणून या वेळी फावडं उचलण्याआधी पत्र.

चूक कुठे झाली ते नंतर दगड काढून पाहिलं. उतारावरून येणारं पाणी सगळं पुढे पडत नाही. थोडं दगडाच्या पोटाला चिकटून मागे सरकतं. तिथे मी हौदात अंथरलेल्या प्लास्टिकची कड दुमडून वर घेतली नव्हती. रात्रभर थेंब थेंब मातीत गेलं, पंप मात्र आपलं काम करत राहिला. आता शेततळ्याला घालतात तो ५०० मायक्रॉनचा कागद एकसंध अंथरून धबधब्याच्या मागेही वीतभर वर घेणार आहे. पाणी खाली गेलं की पंप आपोआप बंद करणारा फ्लोट स्विचही बसवेन.

पण माझा हौद नसतानाही त्या कोपऱ्यात दर पावसाळ्यात पाणी पडतंच, याकडे कृपया लक्ष द्यावे. गच्चीचा सुमारे ६० चौरस मीटर भाग त्या एका पाइपावर उतरतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. म्हणजे ५० मिलिमीटरच्या पावसात तीन हजार लिटरच्या आसपास पाणी फरशीवर आदळतं आणि मीटरच्या खोलीकडे जातं. तिथली ओल आपण दोनदा रंग देऊन झाकली, तिसऱ्यांदाही ती वर येईल.

माझा हौद साडेसहा फूट लांब, पाच फूट रुंद, दीड फूट खोल. मावेल जेमतेम १,४०० लिटर. जोराच्या एका पावसात तो भरून वाहणार, हे गृहीत धरूनच आखणी केली आहे. पाइपाचं पाणी आधी जाळीच्या चेंबरमध्ये जाईल. पहिल्या पावसाचं पाणी गच्चीवरची धूळ आणि कबुतरांची घाण घेऊन येतं, ते तिथून परस्पर गटाराला सोडेन. नंतरचं हौदात येईल. जादा पाणी बाहेर नेणारा पाइप आत येणाऱ्याइतकाच, चार इंची, ठेवतो आहे. त्याला तीस फुटांत चार इंच उतार देऊन तो गेटजवळच्या शोषखड्ड्याला जोडता येईल. तो खड्डा मात्र गाळाने भरला आहे, उपसायला हवा. त्याचा निम्मा खर्च मी देतो. हौद इमारतीच्या जोत्यापासून पाच फूट लांब राहील आणि पिण्याच्या टाकीपासून त्याहून दूर.

डासांची शंका सचिवांनी काढली, ती रास्त आहे. डासाचं अंड्यापासून उडेपर्यंतचं सगळं साचल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत होतं. दिवसा धार चालू राहील आणि हौदात गप्पी मासे असतील. एप्रिल-मेमध्ये टँकर मागवायची वेळ आल्यावर धबधबा चालवणं मलाच लाज आणेल, तेव्हा हौद पूर्ण कोरडा करून मासे घरातल्या काचेच्या टाकीत हलवेन. कोरडा केल्यावर कडा घासाव्याही लागतात, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी सुक्या भिंतीवर कित्येक महिने टिकतात. ते काम माझं.

पंप ४० वॉटचा, वीज माझ्या मीटरवरून, मध्ये ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच. वायरमनकडून काम करून घेऊन आपल्याला दाखवतो. खोक्यावर ताशी अडीच हजार लिटर लिहिलं असलं तरी चार फूट वर चढवताना त्याच्या निम्मंच येतं, त्यामुळे हाताच्या पंजाएवढी धार पडेल. धबधबा हा शब्द मी जरा हौसेनेच वापरला आहे.

आवाजाबद्दल पहिल्या मजल्यावरच्या काकूंशी बोललो. त्यांची हरकत अशी की रात्रभर पाणी वाजलं तर काकांना सारखं बाथरूमला उठावं लागेल. रात्री नऊला टायमरने पंप बंद होईल, असं ठरलं आहे.

ती जागा सोसायटीची आहे, माझी नाही. हौदाची परवानगी सर्वसाधारण सभेनेच द्यावी हेही मान्य, पण आपली वार्षिक सभा सप्टेंबरमध्ये. तोवर पावसाळा सरत आलेला असेल. म्हणून विनंती दोन भागांत करतो. पाइप वळवणे आणि शोषखड्डा उपसणे याला कमिटीने येत्या बैठकीतच मंजुरी द्यावी, म्हणजे ७ जूनच्या आत काम उरकेल. धबधब्याचा विषय सभेपुढे ठेवावा. सभेने नाही म्हटलं तर दगड मी माझ्या खर्चाने उचलून नेईन, पाइप तसाच राहू द्यावा.

रविवारी सकाळी वेळ असल्यास मागे यावे. चुन्याने आखून ठेवलं आहे. गाडी मात्र तेवढी पुढे लावावी.

आपला नम्र,
सभासद, बी विंग, तळमजला

सोबत : हाताने काढलेला नकाशा, प्लंबरचा खर्चाचा अंदाज