समुद्रापलीकडचे नातेवाईक

प्रॉव्हिडन्स, ऱ्होड आयलंड

तीर्थरूप बाबांस,
मीनलचा साष्टांग नमस्कार.

आपले पत्र पोहोचले. पार्सलाच्या घोळाचा दोष सर्वस्वी माझा आहे. त्यातील दोन चित्रपुस्तकांपैकी एक चिनूसाठी होते आणि दुसरे तुमच्यासाठी, पण त्यावर नावे घालायची राहून गेली आणि दादाने दोन्ही चिनूच्याच हाती दिली. दुसऱ्या पुस्तकाची पाने उलटताना तुम्हांला बरे वाटले नाही आणि ‘ही थट्टा नेमकी कोणाची, कोणासाठी, आणि मूळ लेखकाची परवानगी घेतली होती का’ असे तुम्ही विचारले आहे. वकिली सोडून इतकी वर्षे झाली, तरी तुमचा शेवटचा प्रश्न कायद्याचाच असतो, हे पाहून मला हसू आले.

चिनूचे पुस्तक म्हणजे मॉरिस सेंडॅक यांचे १९६३ सालचे ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’. तुमचे पुस्तक केनेथ हाइट यांचे ‘व्हेअर द डीप वन्स आर’. त्यात सेंडॅकच्या पुस्तकाच्या घाटात एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथालेखकाची कथा बसवली आहे. ते २००८ साली ॲटलस गेम्स या खेळांच्या प्रकाशकाने काढले, आणि यात नवल काही नाही. लव्हक्राफ्टच्या कथांवर आधारलेला ‘कॉल ऑफ कथुलू’ हा एकेकाने एकेक पात्र होऊन गोष्ट पुढे नेण्याचा खेळ १९८१पासून खेळला जातो. तो तरुणपणी रात्र रात्र खेळलेली माणसे पुढे आईबाप झाली आणि रोज रात्री मुलांना तीच ती चित्रपुस्तके वाचून दाखवू लागली. दोन्ही पुस्तके ज्याला पाठ आहेत असा वाचक तेथे तयार झाला असावा, असे मला वाटते. तेव्हा ही थट्टा मुलासाठी नाही. मूल झोपल्यावर पलंगाच्या कडेला बसून राहिलेल्या माणसासाठी आहे.

लहानपणी तुम्ही आम्हांला केशवकुमारांची ‘झेंडूची फुले’ वाचून दाखवीत असताना म्हणायचात की, मूळ कविता ठाऊक नसेल तर विडंबन म्हणजे नुसता आचरटपणा. येथे मूळ पुस्तके दोन आहेत आणि ती एकमेकांची थट्टा करतात. हाइट यांनी अशा आणखीही जोड्या जुळवल्या आहेत. एखादी जोडी केवळ शब्दांच्या कोटीवर उभी असते. मुलांच्या पुस्तकांतील ‘क्लिफर्ड’ या लाल कुत्र्याचा हाइट यांनी लाल देव केला, तो मला याच जातीचा वाटतो. उत्तर ध्रुवाकडे जाणाऱ्या आगगाडीच्या गोष्टीला त्यांनी लव्हक्राफ्टच्या एका कथेतील दक्षिण ध्रुवावरच्या वेडाच्या पर्वतांकडे वळवले आहे; ती कल्पना सुचली की अर्धे हसू तेथेच संपते. सेंडॅक आणि लव्हक्राफ्ट यांची जोडी मात्र अशी बसली आहे की, विडंबनकाराने ती जुळवली नसून ती आधीपासूनच जुळलेली होती असे वाटावे.

लव्हक्राफ्टने १९३१ साली लिहिलेल्या ‘द शॅडो ओव्हर इन्समथ’ या कथेतील तरुण आपल्या घराण्याची माहिती गोळा करीत फिरताना एका पडक्या बंदरात येऊन पोहोचतो. तेथील माणसांचे डोळे बटबटीत, न मिटणारे आहेत आणि त्यांचा संबंध समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या प्राण्यांशी, म्हणजेच ‘डीप वन्स’शी, आहे. तो जीव मुठीत धरून पळतो, सुटतो, आणि मग त्याला कळते की आपली पणजी त्याच गावची होती. पुढे आरशात त्याला स्वतःचा चेहराही बदलताना दिसतो, आणि अखेरीस तो भीती टाकून आनंदाने समुद्राकडे जाण्याचा बेत करतो. आता चिनूच्या पुस्तकातला मॅक्स पाहा. आई त्यालाच ‘जंगली’ म्हणते आणि जेवण न देता झोपायला पाठवते. तो समुद्रापलीकडे जातो, त्याला राक्षस भेटतात, ते त्याला राजा करतात, आणि निरोप घेताना म्हणतात की जाऊ नकोस, आम्ही तुला खाऊन टाकू, इतका तू आम्हांला आवडतोस. दोन्ही गोष्टींत राक्षस हे परके नाहीतच. फरक इतकाच की, मॅक्सला परत यावेसे वाटते आणि खोलीत त्याचे जेवण अजून गरम असते, तर लव्हक्राफ्टच्या नायकासाठी घर या शब्दाचा अर्थच बदलून गेलेला असतो.

ते राक्षस सेंडॅकने कोठून घेतले हे त्याने स्वतः अनेकदा सांगितले आहे. पोलंडहून आलेल्या ज्यू कुटुंबात तो ब्रुकलिनमध्ये वाढला. रविवारी नातेवाईक येत, गालगुच्चे घेत, आणि ‘खाऊन टाकावासा वाटतोस’ असे म्हणत. स्वयंपाकाला उशीर झाला तर ते खरेच खातील अशी त्याला धास्ती वाटे. मूळ बेत रानटी घोड्यांचा होता, परंतु घोडे काही केल्या काढता येईनात, म्हणून हे काका-मामा आले. सेंडॅकचा जन्म १९२८चा. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९२४ ते १९२६ या काळात, लव्हक्राफ्ट त्याच ब्रुकलिनमध्ये राहिला होता, आणि बाहेरून आलेल्या माणसांनी गजबजलेल्या त्या रस्त्यांबद्दल त्याने पत्रांतून व कथांतून जे विष ओकले आहे ते आज वाचवत नाही. इन्समथच्या बटबटीत डोळ्यांमागे ही परक्या रक्ताची किळस उघड उघड आहे. एकाला जी माणसे राक्षस वाटली, तशीच माणसे दुसऱ्याची आत्या आणि मामा होती. हाइट यांच्या मनात हे होते की नाही ते मी सांगू शकत नाही, पण दोन्ही पुस्तके शेजारी ठेवल्यावर मला दुसरे काही दिसतच नाही. मीही समुद्रापलीकडूनच आले आहे, आणि राहते ती लव्हक्राफ्टच्या गावात. येथील स्वान पॉइंट दफनभूमीत त्याच्या थडग्यावर ‘मी प्रॉव्हिडन्स आहे’ अशा अर्थाची ओळ कोरली आहे. तो दगड त्याच्या चाहत्यांनी बसवला, तो १९७७ साली. मी तेथे उभी राहिले तेव्हा त्याला काय वाटले असते, या विचाराने मला थोडी दुष्ट गंमतही वाटली.

हाइट यांच्या याच विडंबन-मालिकेत ‘गुडनाइट मून’ या १९४७च्या पुस्तकाचे विडंबन आहे आणि त्यात झोपवायचे आहे ते ॲझॅथॉथ नावाच्या आंधळ्या, बुद्धिहीन देवाला. विश्वाच्या मध्यभागी असलेल्या या देवाला बासरीच्या एकसुरी नादाने निजवले जाते, असे लव्हक्राफ्टनेच लिहून ठेवले आहे. अंगाईगीताची सोय मूळ भयकथेतच होती. आणि मूळ अंगाईत भय नव्हते असेही नाही. खोलीतील एकेका वस्तूचा निरोप घेता घेता त्या पुस्तकात एक कोरे पान येते आणि त्यावर ‘कोणीच नाही’ याला शुभरात्री म्हटलेले आहे. ते पान रात्री मोठ्याने वाचताना माझा आवाज प्रत्येक वेळी किंचित खाली येतो.

या साऱ्यात एक अडचण मला राहून राहून जाणवते. लव्हक्राफ्टची सगळी भिस्त ‘अवर्णनीय’ या शब्दावर आहे, तर चित्रपुस्तकाला प्रत्येक पानावर काहीतरी काढून दाखवावेच लागते. राक्षस एकदा रेखाटला, त्याला रंग दिला, की तो निम्मा माणसाळतो. म्हणून ही विडंबने भीती वाटावी म्हणून वाचायची नाहीत. आईने धारपांच्या कादंबऱ्या कपाटावर आमचा हात पोहोचणार नाही अशा ठेवल्या होत्या, त्या जातीचे हे पुस्तक नव्हे.

परवानगीबद्दल. येथील सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली मान्य केले की, विडंबन मूळ कृतीवरच भाष्य करीत असेल तर विनापरवानगी वापरही न्याय्य ठरू शकतो. परंतु १९९७ साली डॉ. सूस या बालसाहित्यिकाच्या शैलीत एका गाजलेल्या खून खटल्याची गोष्ट सांगणारे पुस्तक अपील न्यायालयाने अडवले, कारण त्यात सूस यांच्याविषयी काही म्हणणेच नव्हते. नुसता त्यांचा अंगरखा उसना घेतला होता. तुमच्या हातातील पुस्तक सेंडॅकविषयी काही म्हणते का, याचा निवाडा तुम्हीच करून मला कळवा. माझे मत वर आलेच आहे, पण मी पक्षपाती साक्षीदार आहे.

चिनूकडे सेंडॅकचेच पुस्तक राहू द्यावे. मधल्या ज्या पानांवर एकही शब्द नाही आणि राक्षसांचा नुसता धिंगाणा चालला आहे, ती पाने भराभर उलटू नयेत. तेथे त्याला स्वतः ओरडायचे असते. दुसरे पुस्तक तुमच्या टेबलावर ठेवावे.

आईस नमस्कार, दादा-वहिनींस नमस्कार, चिनूस गोड पापा.

आपली,
मीनल