वहीचे फोटो पाठवत नाही

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन ठेवला आणि लगेच माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. वारली लग्नगाण्यांची माझी जुनी वही सापडली. कडांना कसर लागली आहे, पण अक्षर वाचता येतं. तू म्हणालीस तसे पानापानाचे फोटो काढायला बसले, दोन पानांचे काढलेही, आणि थांबले. ते फोटो मी पाठवत नाही. का, ते फोनवर बोलताना जमलं नसतं, म्हणून लिहिते.

तू त्या एथिक्सच्या फॉर्मवर, म्हणजे लोकांवर संशोधन करण्याआधी विद्यापीठाला भरून द्यायच्या परवानगीच्या कागदावर, वैतागली होतीस. ऑनर्सचं वर्ष म्हणजे हातात जेमतेम आठ-नऊ महिने, त्यात पंधरा हजार शब्दांचा प्रबंध, आणि परवानगीतच सहा आठवडे गेले. ज्यांच्यावर तू लिहितेस त्या वुरुंडजेरी मंडळींकडून, तुझ्या मेलबर्नच्या मूळ रहिवाशांकडून, अजून उत्तर नाही. तुझा जीव टांगणीला लागलाय, ते कळतं मला. पण तो फॉर्म तू पाठवलास तेव्हा मी डिक्शनरी घेऊन सगळा वाचला. ही माहिती कोणाची? त्या लोकांच्या पदरात काय पडणार? काम झाल्यावर ते त्यांच्याकडे परत कसं जाणार? वाचताना माझ्या डोळ्यांसमोर तुझं विद्यापीठ नव्हतं, जव्हारकडचा एक पाडा होता.

१९८९ साल. तेव्हा पालघर जिल्हा नव्हता, सगळं ठाण्यातच. आश्रमशाळेत मला नोकरी लागून दुसरं वर्ष. वर्गातल्या एका मुलीच्या बहिणीचं लग्न होतं, तिने हाताला धरून नेलं. झोपडीत गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवासिणी चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, काढत होत्या. तांदळाचं पीठ पाण्यात कालवलेलं, आणि बांबूची काडी टोकाला चावून केलेली कुंचली. मधोमध पालघट, वारल्यांची लग्नातली देवी. आणि शेजारी बसून धवलेरी गात होती. वारल्यांत लग्न लावते ती हीच बाई. मी कंदिलाजवळ सरकून वही उघडली आणि रात्रभर लिहीत राहिले. कोणी अडवलं नाही. मास्तरीणबाईला कोण अडवणार?

पहाटेच्या सुमाराला एका गाण्याआधी धवलेरीने माझ्याकडे बघून हात आडवा केला. लिहू नको. मी पेन मिटलं. पण कान उघडे ठेवले, आणि खोलीवर येऊन आठवलं तेवढं सगळं उतरवून काढलं. त्या वेळी मला त्यात हुशारी वाटली होती. पुढे एका दिवाळी अंकात बारा गाणी छापून आली, खाली संकलन म्हणून माझं नाव. त्यात तेही गाणं होतं. दीडशे रुपये मानधन आलं, त्याची मी तुझ्या बाबांसाठी शाल घेतली. धवलेरीचं नाव कुठेच नव्हतं. असणार कसं? मी ते विचारलंच नव्हतं.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. तुला सांगते, कारण तू आता त्याच उंबऱ्यावर उभी आहेस, आणि तुझ्यापुढे निदान तो फॉर्म तरी आहे.

तू पाठवलेलं कोरँडर्कबद्दलचं, वुरुंडजेरींच्या त्या जुन्या वस्तीबद्दलचं, सगळं मी दोनदा वाचलं. १८६३ साली मेलबर्नपासून साठेक किलोमीटरवर त्या लोकांनी वस्ती उभी केली, हॉप्सची (बिअरमध्ये घालतात त्या वेलाची) शेती पिकवून दाखवली, आणि जम बसला तसा सरकारचा त्या जमिनीवर डोळा गेला. त्यांचे पुढारी विल्यम बराक आणि त्यांची माणसं शहरापर्यंत चालत जायची, अर्ज द्यायची. जमीन आमच्या हातात द्या, आमचं आम्ही बघतो, एवढंच त्यांचं मागणं. १८८१ साली चौकशी बसली, साक्षी झाल्या. आणि १८८६ च्या कायद्याने काय केलं, तर मिश्र रक्ताचे म्हणून धडधाकट तरुणांनाच वस्तीबाहेर काढलं. शेत कसणारे हातच गेले. १९२४ मध्ये वस्ती बंद. बाय, ते अर्ज वाचताना मला आपल्याकडच्या तहसील कचेरीबाहेर दाव्यांचे कागद छातीशी धरून बसलेली माणसं दिसली. वनहक्काचा कायदा यायला इथे २००६ उजाडलं.

तरी तुलनेचं प्रकरण लिहिताना घाई करू नकोस. तिकडे सरकारने मुलं आईच्या कुशीतून हिसकावून नेली. आमच्या शाळेत आईबाप स्वतः मुलांना आणून सोडायचे. वर्गात मूल वारलीत बोललं की मी टोकायची, हे खरं, आणि त्याचंही मला वाईट वाटतं. पण म्हणून दोन्ही एकच होत नाही. एका तराजूत टाकलंस तर दोघांवरही अन्याय होईल.

मावशी परवा म्हणाली, आदिवासींचंच शिकायचं होतं तर एवढ्या लांब कशाला? मी सांगितलं, ती ज्या यारा नदीचं पाणी पिते त्या नदीला बिरारुंग हे नाव ज्यांनी दिलं, त्यांची ओळख नको का तिला? मावशी गप्प बसली.

तू विचारलंस, मी बाहेरची, मला हक्क आहे का? ते मी ठरवू शकत नाही, तूही नाही. वुरुंडजेरी ठरवतील. सहा आठवडे उत्तर नाही, तर अजून थांब. नकार आला तर तो नकार मान आणि सार्वजनिक दप्तरात आहे तेवढ्यावर लिही. बराकचं एक चित्र आणि एक ढाल २०२२ साली न्यूयॉर्कच्या लिलावातून त्यांच्याच लोकांना पैसे मोजून सोडवावी लागली, हे तूच मला सांगितलंस. वर्गणी काढून, सरकारची मदत घेऊन. आपल्याच पूर्वजाच्या हातचं! गेलेली वस्तू निदान डोळ्यांना दिसते, बोली लावता येते. माझ्या वहीतलं गाणं त्या पाड्यावरच्या लोकांनी कुठून सोडवून आणायचं?

सोमवारी सकाळच्या एसटीने जव्हारला जाते. वही बरोबर घेते. धवलेरी आता नसणार, पण तिची लेक-सून कोणी असेल, त्यांना आधी तिचं नाव विचारीन. मग वही पुढे ठेवीन. त्या म्हणाल्या ठेवून जा, तर ठेवून येईन. लिहू नको म्हटलेल्या त्या गाण्याच्या पानाचं काय करायचं तेही त्याच सांगतील. काय झालं ते कळवते. तोवर तुझ्या प्रबंधात माझ्या वहीचा उल्लेखही नको, आणि मी काढलेले ते दोन फोटो मी पुसून टाकले आहेत.

थंडी सुरू झाली असेल, कानटोपी घालत जा.

तुझी,
आई