आईच्या जबड्याच्या ऑपरेशनला मदत केलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार

तुमची नावं माहीत नाहीत म्हणून इथेच लिहितोय. आईच्या खालच्या जबड्यात अक्कलदाढ आडवी रुतलेली, तिच्याभोवती सिस्ट, म्हणजे पाण्याने भरलेली गाठ, वाढत गेलेली आणि हाड आतून पोखरलेलं, बाहेरून मात्र फक्त थोडी सूज, दुखणं जवळपास नाहीच.

ओपीजी (अख्ख्या जबड्याचा एक्स-रे) काढणाऱ्या ताई, तुम्ही आईला घाबरवलं नाहीत पण फिल्म देताना "आजच सर्जनला दाखवा" म्हणालात, ते फार मोलाचं होतं. आणि ते तरुण डॉक्टर, ज्यांनी कागदावर जबडा काढून समजावलं की दाढेच्या मुळांना लागूनच ओठाची नस जाते, हाड इतकं पातळ झालंय की जोर लावून उपटली तर जबडाच मोडेल, म्हणून दाढ कापून तुकड्या-तुकड्यांनी काढायची आणि गाठीची पिशवी अख्खी काढून बायोप्सीला पाठवायची, कारण अशा गाठी एक्स-रेत सारख्याच दिसतात पण काही परत परत होतात. इतकं शांतपणे सांगणारं माणूस भेटलं की निम्मं टेन्शन तिथेच जातं हो.

पंचवटीतून रात्री आणणारे रिक्षावाले दादा, जास्तीचा एक रुपया घेतला नाहीत. वॉर्डातल्या मावशी, तुम्ही घरून नाचणीची पेज आणून चमच्याने भरवलीत, आई रोज तुमची आठवण काढते.

रिपोर्ट साधा आला. ओठ अजून थोडा बधिर आहे, हाड भरायलाही काही महिने लागतील म्हणालेत, पण आई आता मऊ भात-वरण खातेय.