शाळेच्या फाटकावरची पेरूची पाटी उचलू नका

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सांगली

महोदय,

शाळेच्या फाटकापासून कोणत्याही दिशेला 50 मीटरच्या आत जास्त साखर, मीठ किंवा चरबी असलेले पदार्थ मुलांना विकायचे नाहीत, असा केंद्राचा नियम 1 जुलै 2021 पासून लागू आहे. तसा फलक दारात लावणं शाळेवर बंधनकारक आहे. तासगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी शिकवते. आमच्या फाटकासमोरच्या दुकानात वेफर्सच्या माळा, रंगीत नळ्या आणि बर्फाच्या कांड्या नियमाआधी होत्या, आजही आहेत. हटवलं गेलं ते पेरूवाल्या मावशींना, आणि तेही निराळ्याच कारणानं. त्या रस्त्यावर बसतात. अतिक्रमणाची गाडी आली की पेरू, बोरं, उकडलेल्या शेंगा विकणाऱ्या बायका उठतात. पक्क्या गाळ्यातला दुकानदार तिथंच असतो.

म्हणजे जे मुलांनी खावं असं आपण म्हणतो ते विकणाऱ्याला जागा नाही, आणि जे खाऊ नये म्हणतो त्याला शटर आहे, वीज आहे, फ्रीज आहे. नुसत्या बंदीनं हे बदलणार नाही. दुकानदाराला हुसकलं तर तो 51व्या मीटरवर टेबल मांडेल, आणि मुलांना तेवढं चालायचा कंटाळा नसतो.

मुलं हावरी आहेत म्हणून खातात असं कुणी म्हणालं की मला राग येतो. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत. (त्यातल्या अंड्याचा निधी राज्यानं जानेवारी 2025 मध्ये थांबवला, तो तुमच्या अखत्यारीतला विषय नाही, म्हणून इथं लांबवत नाही.) नववी-दहावीच्या मुलांना तेवढाही आधार नाही. वाडी-वस्तीवरच्या मुलींना एसटीचा मोफत पास आहे, पण गाडी सकाळची. आई मळ्यात किंवा द्राक्षाच्या कामाला गेलेली. चहा-बिस्किटावर निघालेली मुलगी मोठ्या सुट्टीत डबा संपवते आणि शेवटच्या तासाला पुन्हा भुकेली असते. सुटल्यावर एसटी येईपर्यंतचा वेळ फाटकाबाहेरच जातो. हातात पाचाचं किंवा दहाचं नाणं. त्या नाण्याच्या मापाचं पाकीट कंपन्यांनी कधीच बनवलं. आपण त्या मापाचं काहीच बनवलं नाही.

आणि हे कुठल्या जिल्ह्यात? सांगलीच्या बेदाण्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तासगावात बेदाण्याचे सौदे होतात, शीतगृहं भरलेली असतात, आणि त्याच गावच्या पोराला दहा रुपयांत बेदाणा मिळत नाही. हिशेब अगदी साधा आहे. किलोला 300 रुपये भाव धरला तरी 15 ग्रॅम बेदाणा साडेचार रुपयांत बसतो. उरलेल्या पैशात मूठभर भाजके शेंगदाणे आणि थोडे फुटाणे, वर विकणारीला रुपयाभर सुटेल. नुसता बेदाणा गोड आणि दाताला चिकटणारा, म्हणून शेंगदाण्यांची सोबत हवीच. भडंगाबद्दल मी गप्प बसणार होते, सांगलीकर असल्यामुळे जमत नाही. कमी तेलाचं, कमी मिठाचं भडंग रंगीत नळ्यांपेक्षा केव्हाही बरं. पण लहान पुडीत, आणि रोज नव्हे.

मागणं असं आहे. जिल्ह्याची अन्न सुरक्षा सल्लागार समिती तुमच्या अध्यक्षतेखाली असते. शहरांत 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समित्या आहेत. या दोघांना एकत्र बसवा आणि शाळांच्या फाटकाजवळ, वाहतुकीला आड येणार नाही अशा ठिकाणी, फळं, शेंगा, फुटाणे, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू विकणाऱ्यांसाठी दोन-तीन जागा आखून द्या. महिला बचत गटांना आधी विचारा. खाद्यपदार्थ विकायला लागणाऱ्या अन्न नोंदणीचं शिबिर शाळेतच भरवा. हात धुवायला पाणी आणि कापलेल्या फळावर झाकण एवढ्या अटी पुरेत. खेड्यात पथविक्रेता समिती नाही, तिथं हेच काम ग्रामपंचायतीकडून करून घ्या.

तंबाखूविक्रीच्या बंदीसाठी शाळेभोवती 100 यार्डांची पिवळी रेघ आखायची पद्धत आहेच. तशीच 50 मीटरची रेघ आखा, दुकानदारांना आधी समजावा, मग तपासणी करा. पण क्रम उलटा नको. आधी पेरूवालीला बसवा, मग वेफर्स काढा, नाहीतर मधल्या महिन्यांत मुलं उपाशी राहतील किंवा 51व्या मीटरवर जातील.

समितीच्या बैठकीला शाळेचं म्हणणं मांडायला कुणी हवं असेल तर मी येईन. फक्त ती शनिवारी दुपारी ठेवावी, त्या दिवशी आमची सकाळची शाळा असते.

आपली विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षिका, ता. तासगाव